किती वेळा बदलतं, ते आधी सांगा

धरणातला पाणीसाठा ठरल्या वेळी मोजतात आणि मग जाहीर करतात. एरवी दिवसातून एकदा, पूर यायच्या बेतात असला तर तासातासाला. हा आकडा पडद्यावर ताजा दिसावा म्हणून प्रत्येक फोनपासून सर्व्हरपर्यंत अहोरात्र उघडी जोडणी ठेवायची, असा आराखडा जो मांडतो त्याला मी अभियंता म्हणत नाही. उधळ्या म्हणतो. आणि अशा उधळ्यांची आपल्या धंद्यात सध्या चलती आहे. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही बैठकीत जाऊन बसा. ‘आकडा आपोआप बदलायला हवा’ एवढं ग्राहकाच्या तोंडून निघायचा अवकाश, फळ्यावर दोन चौकोन उमटतात, मध्ये दोन्ही टोकांना बाण असलेली रेघ येते आणि तिच्यावर ‘वेबसॉकेट’ लिहून मंडळी चहाला उठतात. आकडा कशाचा? तो बदलतो कधी? दहा सेकंद उशिरा कळला तर कुणाचं काय बिघडतं? हे विचारलं की भुवया चढतात.

“सर, पोलिंग फार जुनं झालं हो,” असं एका तरुण आर्किटेक्टने मला ऐकवलं. मी म्हटलं, “टीसीपीचा मसुदा १९८१ सालचा आहे. तुमचं वेबसॉकेट त्याच्याच खांद्यावर बसलंय. त्यालाही काढून टाकू या का?” गडी गप्प. जुनं-नवं ही तांत्रिक कसोटी नव्हेच. ती कपड्यांच्या दुकानात लावायची.

मूळ प्रश्न अगदी सरळ आहे. पान ब्राउझरमध्ये उघडलेलं आहे, माहिती सर्व्हरवर बदलली. पानाला ते कळावं कसं? मार्ग चार. पानाने ठरावीक अंतराने विचारत राहायचं, हे पोलिंग. पानाने विचारायचं आणि नवं काही घडेपर्यंत सर्व्हरने उत्तर रोखून धरायचं, हे लाँग पोलिंग. पानाने एकदाच विचारायचं आणि सर्व्हरने उत्तर न संपवता त्यातून एकेक घटना सोडत राहायची, हे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, थोडक्यात एसएसई. आणि एचटीटीपीला रामराम ठोकून दोघांनाही हवं तेव्हा बोलता येईल अशी कायमची जोडणी करायची, ते वेबसॉकेट. यातून निवड करायला तीन उत्तरं पुरतात. माहिती किती वेळा बदलते? किती उशीर चालतो? बोलायचंय एकाला की दोघांना? या तीन उत्तरांत बसणारा सगळ्यात साधा मार्ग घ्यायचा. बहुतेक पानांसाठी तो मार्ग पोलिंग आहे. काही थोड्यांसाठी एसएसई. वेबसॉकेटची खरी गरज असलेली पानं फार कमी, आणि ती कोणती हे सांगायला मी कचरणार नाही.

आता क्रिकेट घ्या, कारण ‘लाइव्ह’ म्हटलं की सगळे तिथेच धावतात. टी-२० सामन्यात दोन्ही डाव मिळून नियमाचे २४० चेंडू. सामना चालतो साडेतीन तासांच्या आसपास. म्हणजे सरासरीने पन्नासेक सेकंदांना एक चेंडू, त्यातही काहींवर धावच नाही. धावफलक दर पाच सेकंदांनी विचारला तर सरासरी उशीर पडतो अडीच सेकंदांचा. ओटीटीवरचं चित्र त्याहून जास्त सेकंद मैदानाच्या मागे असतं. मग ही अडीच सेकंदं वाचवून कुणाचं भलं होणार आहे? षटकार तर प्रेक्षकाने अजून पाहिलेलाही नसतो!

खरी गंमत पुढे आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक तो बघत होते. असं थेट चित्र इंटरनेटवरून घराघरात पोहोचतं कसं? जगभर त्यासाठी एचएलएस आणि डॅश या दोन पद्धती चालतात. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आरएफसी ८२१६ मध्ये लिहून ठेवलेली आहे, कुणीही वाचावी. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि तुकड्यांची यादी एका साध्या मजकुराच्या फायलीत असते. प्लेअर ठरावीक अंतराने ती यादी पुन्हा मागतो, नवा तुकडा दिसला की तो मागतो. यादी बदलली नसेल तर थोडं थांबून परत विचारतो. याचं नाव काय? पोलिंग! शुद्ध, निखळ, आमच्या आर्किटेक्टमहाशयांना जुनाट वाटणारं पोलिंग. कोट्यवधी लोकांना हलतं-बोलतं चित्र ज्या पद्धतीने पोहोचतं, ती १५७ वर ३ बाद हे पोहोचवायला अपुरी पडते, असं म्हणणाऱ्याने एकदा तरी त्याचा हिशेब मांडून दाखवावा.

“पण सर्व्हरवर भार किती येईल!” हे दुसरं तुणतुणं. चला, हिशेबच करू. तीन लाख फोन, प्रत्येक जण दर दहा सेकंदांनी विचारतो. सेकंदाला तीस हजार विनंत्या. आकडा मोठा दिसतो, कारण उत्तर देणाऱ्याचं नाव यांनी गाळलेलं असतं. सगळ्यांना एकच धावफलक हवा आहे. तो सीडीएनच्या कॅशेमध्ये पाच सेकंद ताजा धरा, की तुमच्या मूळ सर्व्हरला त्या तीस हजारांचं तोंडही दिसत नाही. प्रत्येक कॅशे फार तर पाच सेकंदांतून एकदा येऊन विचारून जातं. शिवाय १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून ईटॅग नावाची सोय आहे. सर्व्हर उत्तरासोबत त्या आवृत्तीची खूण देतो, पान पुढच्या वेळी तीच खूण दाखवून विचारतं, ‘यापेक्षा नवं काही?’ नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि थांबतो. मजकुराचा एक बाइटही पाठवत नाही. ही सोय वापरायची नाही आणि पोलिंग उधळपट्टी करतं म्हणून गळा काढायचा? नाचता येईना, अंगण वाकडं.

हेडरचं रडगाणं त्याहून शिळं. प्रत्येक विनंतीसोबत शेकडो बाइटांचे हेडर जातात आणि वेबसॉकेटची चौकट दोन बाइटांपासून सुरू होते, ही तुलना २०१० च्या सुमारास खरी होती. २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं, त्याच्यासोबत हेडर आकसवणारं एचपॅक आलं. एकाच जोडणीवर पुन्हा पुन्हा जाणारा तोच हेडर आता एका छोट्या क्रमांकावर भागतो. दशक उलटून गेलं, हे अजून जुन्याच पावत्या नाचवताहेत. आणि जुनाट कोण? मी!

पोलिंगही नीट करावं लागतं, हे मला मान्य आहे. ते न शिकणाऱ्यांनीच त्याला बदनाम केलं. दहावीचा निकाल घ्या. दरवर्षी पंधरा लाखांच्या घरात मुलं, अलीकडे वेळ ठरलेली, दुपारी १ वाजता. अशा वेळी सगळी पानं घड्याळाच्या एकाच ठोक्याला विचारू लागली तर कुठलाही सर्व्हर गुडघे टेकेल. म्हणून प्रत्येक पानाच्या अंतरात थोडा यादृच्छिक फरक टाकायचा. सर्व्हरने नकार दिला तर पुढचं अंतर दुप्पट करायचं. पान डोळ्यांआड गेलं की विचारणं थांबवायचं, पुन्हा समोर आलं की लगेच एकदा विचारायचं; ब्राउझर हे पानाला सांगतो. उत्तर किती वेळ ताजं मानायचं ते सर्व्हरने सांगायचं. एवढं लिहायला एक दुपार पुरते. पण यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी हात लावत नाही.

सर्व्हरनेच ढकलायला हवं, ही हौस काही आजची नाही. १९९६ मध्ये पॉइंटकास्ट नावाचा कार्यक्रम आला. संगणक रिकामा बसला की पडद्यावर बातम्या, शेअरभाव, हवामान. अमेरिकेतल्या कचेऱ्या वेड्या झाल्या, कंपन्यांची नेटवर्कं तुंबली, ‘वायर्ड’ मासिकाने १९९७ मध्ये ‘पुश’चा जयघोष थेट मुखपृष्ठावर केला. त्याच वर्षी न्यूज कॉर्पने या कंपनीला ४५ कोटी डॉलर देऊ केले होते. १९९९ मध्ये ती साधारण ७० लाखांना विकली गेली. आणि हा ‘पुश’चा महामेरू आतून काय करत होता? ठरावीक अंतराने सर्व्हरला विचारत होता. पोलिंग करत होता! पुढे एचटीटीपी २ मध्ये सर्व्हर पुशची तरतूद झाली: पानाने न मागताच सर्व्हर फायली पाठवणार. पानाकडे त्या फायली आधीच असायच्या, आणि सर्व्हर बापडा तरी ढकलत राहायचा. २०२२ मध्ये क्रोमने ही सोय बंद केली. समोरच्याला काय हवं हे त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, या सर्व्हरी अहंकाराचा दोनदा जाहीर पराभव झाला. शहाण्याला तेवढा पुरायला हवा.

आता वेबसॉकेटकडे वळू. ही चीज वाईट नाही. २००८ मध्ये मायकेल कार्टर आणि इयन हिक्सन यांच्या चर्चेतून तिचं नाव ठरलं, डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ म्हणून ती पक्की झाली. मधल्या काळात, २०१० च्या डिसेंबरात, फायरफॉक्स आणि ऑपेराने ती बंद करून ठेवली होती. वाटेतल्या काही प्रॉक्सींना फसवून त्यांच्या कॅशेमध्ये विष कालवता येतं असं संशोधकांनी दाखवलं होतं. म्हणून आजही ब्राउझरकडून जाणारी प्रत्येक चौकट ३२ बिटांच्या किल्लीने झाकूनच पाठवावी लागते. ज्यांनी ती घडवली त्यांनी डोळ्यांत तेल घालून घडवली. वापरणारे मात्र डोळे मिटून वापरतात.

काय बघत नाहीत ते? जोडणी तुटली की वेबसॉकेट स्वतःहून परत जोडत नाही. ते तुम्ही लिहायचं. तुटलेल्या वेळात काय निसटलं ते आठवत नाही. तेही तुम्हीच लिहायचं. एचटीटीपीचं कॅशे इथे लागू नाही, ईटॅग नाही, ३०४ नाही. परक्या पानाने तुमच्या वापरकर्त्याच्या कुकीवर जोडणी उघडू नये म्हणून ओरिजिन तपासायचं तेही तुम्हीच, कारण ब्राउझर इथे आडवा येत नाही. एनजिनएक्स ६० सेकंद शांतता दिसली की मूळ सेटिंगनुसार जोडणी कापतो, म्हणून मध्येमध्ये ‘आहे का, आहे का’ करत राहायचं. नवी आवृत्ती चढवायला सर्व्हर बंद केला की हजारो जोडण्या एकदम तुटतात आणि एकदमच परत आदळतात. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी कळतं की पान पहिल्यांदा उघडताना आणि जोडणी परत आल्यावर पूर्ण चित्र मागवायला एक साधी एचटीटीपी विनंती लागतेच. म्हणजे जिला जुनाट म्हणून हाकललं, तिच्यावाचून यांचं पानही हलत नाही. मग आधी तीच नीट का बांधत नाही? तिच्यावर दहा सेकंदांचा टायमर लावून बहुतेकांचं काम भागतं.

“व्हॉट्सअ‍ॅपने तर २०१२ मध्येच एका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या धरून दाखवल्या!” दाखवल्या, आणि त्यांना माझा दंडवत. तिथे माणसं माणसांशी बोलतात. तुमच्या पडद्यावर गोदामातल्या खोक्यांची संख्या आहे. खोकी कधीपासून गप्पा मारायला लागली?

या उधळपट्टीचं बिल कोण भरतं, याचा मला खरा राग आहे. आराखडा मांडणारा वातानुकूलित खोलीत, ताज्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या फायबरवर बसून चाचणी घेतो. वापरणारी बाई स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेऊन मुंबई-पुणे गाडीत बसलेली असते. घाटातले बोगदे लागतात, रेंज जाते, येते, पुन्हा जाते. शांत जोडणी मोबाइल नेटवर्क मधल्यामध्ये गुपचूप विसरून जातं; कुणालाच निरोप देत नाही. म्हणून ती जिवंत ठेवायला फोनचा रेडिओ सारखा जागवायचा, आणि त्या बाईची बॅटरी संपवायची. यांच्या एका शब्दाच्या हौसेपायी!

बॅटरीहूनही वाईट एक गोष्ट आहे. अर्धमेली जोडणी. फोनला वाटतं सर्व्हर आहे, सर्व्हरला वाटतं फोन आहे, आणि मधली तार केव्हाच मेलेली. वेबसॉकेटमध्ये नाडी बघायला पिंग-पाँग आहे, पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवायची सोयच दिलेली नाही. स्वतःची नाडी स्वतः लिहिली नाही तर पानाला काही कळत नाही. कोपऱ्यातला हिरवा ठिपका ‘लाइव्ह’ म्हणत लुकलुकत राहतो आणि खालचा आकडा वीस मिनिटांपूर्वीचा. हे खोटं बोलणं आहे. पोलिंगमध्ये विनंती फसली की पुढच्या काही सेकंदांत ती फसल्याचं कळतं आणि पान तसं सांगू शकतं. धरणाच्या खालच्या गावात बसून विसर्गाचा आकडा बघणाऱ्या माणसाला यातलं कोणतं पान हवं असेल? उत्तर द्या, मग फळ्यावर रेघ मारा.

लाँग पोलिंगबद्दल थोडक्यात. जीमेलमधल्या गप्पांना २००६ मध्ये त्याने जीव दिला. २०११ च्या आरएफसी ६२०२ मध्ये त्याचे गुणदोष प्रामाणिकपणे मांडलेले आहेत. आज नव्याने ते निवडायचं कारण मला दिसत नाही, कारण त्याच कामासाठी एसएसई आहे.

आणि एसएसईवर आपल्या लोकांनी केलेला अन्याय तर अक्षम्य आहे. तिची कल्पना हिक्सनने २००४ मध्ये मांडली, ऑपेराने २००६ मध्ये ती करून दाखवली. साधं एचटीटीपी, साधा मजकूर, ‘डेटा’ म्हणून एक ओळ आणि खाली एक रिकामी ओळ. जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतः परत जोडतो आणि शेवटची मिळालेली घटना कोणती हेही सर्व्हरला सांगतो, म्हणजे निसटलेलं परत देता येतं. वर सांगितलेलं निम्मं लचांड इथे ब्राउझरनेच सोडवलेलं आहे! अडचणी दोन होत्या. इंटरनेट एक्स्प्लोररने ती कधीच स्वीकारली नाही. तो आता गेला, आणि जानेवारी २०२० पासूनच्या एजमध्ये ती आहे. एचटीटीपी १.१ वर एका साइटला सहाच जोडण्या, त्यामुळे सातवा टॅब लटकायचा. एचटीटीपी २ वर ते दुखणं उरलं नाही. प्रॉक्सीने उत्तर साठवून धरू नये एवढी एक काळजी घ्या, झालं. ओपनएआयच्या एपीआयमधून शब्दामागून शब्द उत्तर येतं ते याच मार्गाने. ज्या चॅटजीपीटीचं कौतुक करताना या मंडळींची जीभ थकत नाही, ते घडवणाऱ्यांना जी पद्धत पुरली ती यांच्या डॅशबोर्डला कमी पडते. हा न्यूनगंड की अज्ञान, तुम्हीच ठरवा.

वेबसॉकेट कुठे हवं? जिथे दोघंही सतत, अनियमित आणि वेगाने बोलतात तिथे. फिग्मात चार जण एकाच चित्रावर काम करतात आणि प्रत्येकाचा कर्सर इतरांना सरकताना दिसतो, तिथे हवंच. अनेक जण मिळून खेळायच्या खेळात हवं. झेरोधाच्या काइट कनेक्टवर शेअरचे भाव वेबसॉकेटने येतात: बाजार सव्वानऊ ते साडेतीन उसळत असतो, भाव बायनरी पाकिटांत येतात, कोणते शेअर हवेत ते ग्राहक त्याच तारेवरून सांगतो आणि बदलतो. तिथे तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेबसॉकेटकडेच बोट दाखवतात. अशा ठिकाणी कुणी पोलिंग लावलं तर त्यालाही मी याच शब्दांत झोडपेन.

मग उरलेले का हट्ट धरतात? कारण बायोडेटात ‘रिअल-टाइम सिस्टिम’ असं लिहिता येतं. ‘दहा सेकंदांचा टायमर लावला’ असं लिहिलं तर पगारवाढ मिळत नाही. ग्राहकाला गुंतागुंत विकता येते, साधेपणाचं बिल लावता येत नाही. मुलाखतीत साहेब वेबसॉकेट विचारतात, ईटॅग विचारत नाहीत. दोष त्या पोरांचा कमी, त्यांना निवडणाऱ्या साहेबांचा जास्त. रात्री दोन वाजता जोडण्यांचा लोंढा आदळून सर्व्हर कोसळतो तेव्हा फोन साहेबांना जात नाही; नुकत्याच लागलेल्या पोराला जातो. त्याने तर आराखडा बघितलेलाही नसतो.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्या हातात सहीचा अधिकार असेल तर माहिती किती वेळा बदलते, किती उशीर चालतो आणि कोणाला बोलायचंय, हे लिहिलेलं नसलेल्या कुठल्याही आराखड्यावर सही करू नका. सहीचा अधिकार नसेल तर बैठकीत हात वर करून विचारा, दोनदा विचारा, भुवया चढल्या तरी विचारा. आणि मार्ग कोणताही निवडा, पडद्यावरचं ‘लाइव्ह’ काढून टाका. त्या जागी आकडा किती वाजताचा आहे ती वेळ छापा. ती छापायची हिंमत ज्याच्यात नाही, त्याने ताज्या माहितीच्या गप्पा मारू नयेत.